नाव तर घेतलं नव्हतं

आधी बाईंचं सांगते, मग माझं.

बाई म्हणजे मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. बेंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर समुपदेशन केंद्र आहे. एम.ए.ची मुलं-मुली तिथं खऱ्या माणसांसमोर बसून काम शिकतात आणि बाई त्यांच्यावर लक्ष ठेवतात. बाकी सगळे त्यांना मॅम म्हणतात. मी बाईच म्हणते. मी नववीत शाळा सोडली, आणि आमच्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणायचे.

बाईंचे पूर्वज किती पिढ्यांमागे इकडं आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळं त्यांचं मराठी स्वयंपाकघरातलं, जुनं आणि मधूनमधून कन्नडची फोडणी दिलेलं. "स्वल्प बस गे," म्हणायच्या. "सरी, आता सांग." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. आमच्या परभणीकडच्या माणसाला हसू यावं असं बोलणं. पण या शहरात माझ्याशी घाई न करता बोललेलं पहिलं मोठं माणूस त्याच. त्यांनी मला सावरलं. काय केलं असं विचाराल तर दाखवण्यासारखं फार काही नाही. माझं काम निभलं ते मात्र त्यांच्यामुळंच.

मी शहराबाहेर होसकोट्याला चुलतभावाच्या घरी राहते. दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि मी. काम बिस्किटांच्या कारखान्यात, पॅकिंगला. पाळीभर उभं राहायचं, पट्ट्यावरून पुडे येत राहतात, आपण हात चालवत राहायचं. घरी आलं की पाय माझे नाहीतच असं वाटतं. तरी तो शीण समजण्यासारखा होता. समजत नव्हतं ते दुसरंच. पट्ट्यासमोर उभी असताना एकदम छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची, श्वास पुरायचा नाही. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली. डॉक्टर हिंदीत म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, टेन्शन कमी करा. जसं काही टेन्शनला बटण असतं. शेवटी कारखान्यातल्या नर्सताईंनी मल्लेश्वरमचा पत्ता दिला.

मी तिथं जाते हे घरी कळता कामा नये, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. कारण माझी आई.

मी नववीत असताना आई आजारी पडली. आधी बोलेनाशी झाली, मग थांबेनाशी झाली, मग विहिरीच्या कडेला जाऊन बसू लागली. तिच्यामागं कुणीतरी हवं म्हणून माझी शाळा सुटली. पुढं तिला औषध लागू पडलं. आता ती भाकरी करते, शेळ्या बघते, चार माणसांत बसते. पण गावानं एकदा येडी म्हटलं की म्हटलं. आणि आम्हा बहिणींसाठी गावाकडं एक वाक्य कायम तयार असायचं, "बघा हं, पोरगी आईवर जाईल."

धाकटीचं लग्न ठरलं ते वहिनीच्या माहेरच्या भावकीत. त्यांना आईचं माहीत होतं. त्यांनी वहिनीलाच विचारलं, पोरी कशा आहेत? वहिनीनं शब्द दिला, "दोघीबी ठणठणीत." त्या शब्दावर सुपारी फुटली. आता त्यातली थोरली दर गुरुवारी, म्हणजे तिच्या सुट्टीच्या दिवशी, डोक्याच्या तक्रारीसाठी कुठंतरी जाऊन बसते हे कळलं असतं तर? लग्न मोडायला एका फोनचं काम होतं. म्हणून मी घरी सांगितलं की बेंगळुरूतल्या शिवाजीनगरला शिवणक्लास लावलाय. शिवाजीनगर वाटेतच होतं. तिथं बस बदलून मी पुढं मल्लेश्वरमला जायची.

केंद्रात पहिल्या दिवशी मला एक पुण्याची विद्यार्थिनी दिली, मराठी म्हणून. माझ्याहून लहान असेल. गोरीपान, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मी तिला मॅडम म्हणाले तर म्हणाली, "अहो मॅडम काय ताई, मी अजून शिकतेच आहे." तिनं एक कागद पुढं केला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मी पेन उचललं. आपल्याला कागद दिला की सही करायची, एवढंच माहीत.

कोपऱ्यात बसलेल्या बाई उठून आल्या. "थांब गे. काय लिहिलंय ते कळलं काय तुला?"

मी म्हणाले, "हो."

"सरी. मग मला सांग की."

मला काय सांगता येणार! ती मुलगी लाल झाली. बाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्याशी बोलल्या, पण सांगत होत्या तिला, हे मला नंतर कळलं. "तू जे बोलशील ते या खोलीत राहील. ही शिकणारी आहे, म्हणून ती मला सांगेल. बाकी कोणाला नाही. तुझ्या जिवाला नाहीतर दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तरच आम्ही बोलू, ते पण आधी तुला सांगून. नको वाटलं त्या दिवशी उठून जा. कोणी रागावणार नाही. आता सांग, मी काय बोलले?"

मी माझ्या शब्दांत सांगितलं. मग सही केली. बाई तिला म्हणाल्या, "बाहेर कुठं भेटली तरी ओळख तू दाखवायची नाहीस. तिनं दाखवली तर दाखव." तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

मुलगी चांगली होती. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं वाचून तुम्ही तिला नावं ठेवाल. ती मधे बोलायची नाही. मी आईचं सांगताना तिचे डोळे भरायचे आणि ती खिडकीकडं बघायची. मी एवढी वर्षं कुणाला काही बोललेच नव्हते. पहिले काही गुरुवार मी नुसती बडबडले. पट्ट्यासमोर श्वास अडकायचा तो थोडा सैल पडला. बस्स, मला तेवढंच हवं होतं.

मग लग्नाची खरेदी निघाली. वहिनी म्हणाली, शिवाजीनगरात कपडा स्वस्त, तुझं तर दर आठवड्याचं येणंजाणं, चल दाखव. रविवार होता, मी रजा टाकली. साड्या बघून बघून दोघींचे पाय मोडले. एका छोट्या हॉटेलात बसलो. दोन सेट डोसे सांगितले. वहिनी हात धुवायला गेली. माझ्या पाठीमागच्या टेबलावर दोन मुली मराठीत बोलत होत्या, चांगल्या मोठ्यानं. बेंगळुरूत आपली माणसं तसंच करतात. मराठी बोललं की आजूबाजूला भिंत उभी राहिली असं त्यांना वाटतं. रिक्षात, बसमध्ये, लिफ्टमध्ये, काय वाटेल ते बोलतात. मीही बोलते.

"नाव नाही सांगत हं," एक म्हणाली, आणि तो आवाज मी ओळखला. "होसकोट्याला आहे, पॅकिंगला. आईला मोठा आजार होता, तिच्यापायी शाळा सुटली हिची. आता धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि हिला वाटतं, आपलंही आईसारखंच होणार. अगं, रूमवर आले तरी डोक्यातून जात नाही माझ्या. जेवण जात नाही."

"तू फार मनाला लावून घेतेस," दुसरी म्हणाली.

माझ्या ताटातला डोसा तसाच. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आली. मराठी कानावर पडलं आणि तिचा चेहरा उजळला. होसकोट्यात तिला बोलायला कुणी नाही, कन्नड येत नाही, हिंदी मोडकी. कुठं मराठी ऐकलं की ती थांबतेच. ती त्या टेबलाशी गेली.

"मराठी का वो तुमी? कुठल्या?"

"पुण्याच्या," ती मुलगी म्हणाली आणि वळली. तिनं मला बघितलं. तिचं तोंड उघडलं, माझ्यासाठीचा 'ताई' अर्धा बाहेर आला आणि तिनं तो गिळला. मी ताटात बघत राहिले.

"आमी परभणीचे. होसकोट्याला असतो," वहिनी खुशीत म्हणाली. "तुमी बी होसकोट्याचंच कायतरी बोलत होता की. कोण हाय तिथली?"

"नाही... काही नाही काकू. कॉलेजचं काम." दोघी उठल्या. अर्धा डोसा, भरलेली कॉफी, सगळं तसंच टाकून गेल्या.

"काकू म्हणली मला," वहिनी बसत म्हणाली. "आन् अन्न टाकून गेल्या बग. शिकलेल्यांची तऱ्हा."

बसमध्ये खिडकीशी बसून ती विचार करत होती. मला वाटलं, संपलं. पण तिनं सगळं ऐकलंच नव्हतं. हात धुऊन येताना तिच्या कानावर होसकोटे, लग्न आणि आईसारखंच होणार, एवढंच पडलं होतं. आपल्या घरावर तिचा संशय गेलाच नाही, पण वहिनीला एवढ्यावर चैनही पडत नाही.

"कोण असंल गं? आपल्याकडं मराठी बाया किती? आपण, ती कॅन्टीनवाली, आन् मागच्या गल्लीतली उदगीरची. कॅन्टीनवालीची आई तर कवाच गेली." थोड्या वेळानं माझ्या मांडीवर थाप. "उदगीरचीच! पाणी भरताना एकटीच बोलत ऱ्हाती, बगितलंस का कधी?"

"तिच्या कानात ते वायरवालं असतं वहिनी. घरी फोनवर बोलते ती."

"कामून बाजू घेतीस? तुला काय माहीत?"

मला काय माहीत!

त्यानंतर मी केंद्रात गेले नाही. गुरुवारी घरातून निघायची, शिवाजीनगरच्या बसस्टँडवर बसायची आणि परत यायची. इकडं वहिनीनं उदगीरच्या बाईकडं डब्यातून भाजी धाडणं बंद केलं. लेकरांना म्हणाली, तिच्याकडं खेळायला जायचं नाही. ती बिचारी एकदा दारात येऊन विचारून गेली, "माझं काही चुकलं का वहिनी?" वहिनी म्हणाली, "न्हाई बाई, कामात हाय." मी आत भांडी घासत होते. माझ्या वाटचं तिच्यावर चाललं होतं. पट्ट्यासमोर माझा श्वास पुन्हा अडकायला लागला, पहिल्यापेक्षा वाईट.

शेवटी एका गुरुवारी गेले ते नाव काढून टाका म्हणून सांगायलाच. एवढी थकले होते की रडूही येत नव्हतं. जिन्यावरच बाई भेटल्या, हातात डबा. मला बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. खोलीत नेलं, दार लावलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तिनं त्याच दिवशी मला येऊन सांगितलं. चूक आमची. तिची, आणि तिला शिकवणारी मी, म्हणून माझी. तुझी स्वल्प पण नाही."

मी म्हणाले, "तिनं नाव तर घेतलं नव्हतं."

"तिनंही मला हेच सांगितलं," बाई म्हणाल्या. "नाव म्हणजे काय गे, रेशनकार्डावर असतं तेवढंच काय? तुझी आई, तुझी शाळा, तुझी बहीण, हे सगळं बाहेर काढून मागं नुसतं नाव ठेवलं तर काय ठेवलं?"

मग त्यांनी मला विचारलं, तुला काय हवं. असं मला कुणी विचारत नाही. हिंदीत बोलणारा दुसरा विद्यार्थी घ्यायचा, की बाईंनी स्वतः बसायचं, की काहीच नको. तक्रार करायची असेल तर कॉलेजात कुठं करायची तेही सांगितलं. स्वतःच्याच विद्यार्थिनीविरुद्ध, म्हणजे थोडी स्वतःविरुद्धसुद्धा, तक्रार कशी करायची ते त्या मला समजावून देत होत्या.

मी म्हणाले, "तिचं वर्ष जाईल का बाई?"

"ते तुझ्या डोक्यावर घ्यायचं नाही. ते माझं काम. मी तिला इथं माणसांसमोर बसवणं सध्या थांबवलंय, ते तू काहीही म्हणालीस तरी तसंच. ती बाहेर बसलीय. तुझी माफी मागायची म्हणते. मी नको म्हणाले."

"का?"

"माफी मागून तिला हलकं वाटेल. तुला वाटेल काय? तुला वाटणार असेल तर बोलावते."

मी विचार केला. माझ्यासमोर ती रडेल, मग मला तिची समजूत घालावी लागेल, असं मनात आलं. तेवढी ताकद नव्हती. म्हणाले, "आज नको."

"सरी. आज नको." मग त्या म्हणाल्या, "अजून एक विचारते. नाही म्हणालीस तर नाही. या मुलांना हे पुस्तकातून कळत नाही. नाव-गाव, सगळं बदलून तुझी गोष्ट वर्गात सांगू काय? नाहीतर कधी तूच येऊन, तुला वाटेल तेवढं त्यांना सांगशील काय?"

ज्यांनी एवढं केलं त्यांना नाही कसं म्हणायचं? उपकार घ्यायचे आणि एवढंसं मागितलं तर मागं सरायचं? पण ओठातून आलं ते, "नाही बाई. नको."

"सरी," बाई म्हणाल्या आणि डबा उघडला. "आंबोडे आणलेत, डाळीचे वडे. खा." चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, मन मोठं केल्याचा आवही नाही. मला वाटतं तिथंच मी सैल झाले. माझं 'नाही' कुणी असं ठेवून घेतलेलं मला आठवत नाही, पोत्यातल्या धान्यासारखं, जिथल्या तिथं.

तेव्हापासून बाई स्वतःच माझ्याशी बोलायला बसू लागल्या. पुढच्या एका गुरुवारी मी माझ्या वेळेची वाट बघत बाकावर होते. बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना बाजारात पाठवलं होतं, तासभर फिरा, लोक काय बोलतात ते नुसतं ऐका, लिहू नका. सगळी परत आली तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. बाई इंग्रजीत विचारत होत्या, मुलं कन्नडात, हिंदीत, कशातही उत्तरं देत होती. एक मुलगा हिंदीत सांगत होता, फुलवालीकडं दोन बायका बोलत होत्या, एकीच्या सुनेचं पोट पडलंय. बाईंनी विचारलं, नाव? नाही घेतलं. घर? त्यानं सांगितलं, देवळामागची गल्ली, निळं फाटक, खाली झेरॉक्स. सुनेचा नवरा काय करतो? तेही आलं त्याला. बोलता बोलता तो थांबला. पुण्याची मुलगी भिंतीशी मान खाली घालून बसली होती.

मग एका मुलीनं विचारलं, "पण मॅम, आम्ही हे ऐकलं ते तरी बरोबर होतं का?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "नव्हतं," हिंदीत म्हणाल्या. "मी तुम्हाला करायला लावलं. मला दुसरं सुचलं नाही. आता हे पण तुम्हाला सांभाळायचंय."

माझी गोष्ट सांगता येत नव्हती म्हणून त्यांना दुसरं सुचलं नव्हतं, हे तिथं फक्त आम्हा तिघींना माहीत होतं.

उदगीरच्या बाईचं मी बाईंना सांगितलं. वाटलं होतं, काय करायचं ते सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, वहिनीला हे कुणाच्या तोंडून कळलेलं तुला सोसेल? त्यावर मी बरेच गुरुवार काढले. मग एका संध्याकाळी वहिनी मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. ती मीच. उदगीरची नाही.

वहिनीच्या हातातली काडी तशीच राहिली. "म्हंजी शिवणक्लास न्हाईच?"

"नाही."

"आन् मी तीन ब्लाऊजपीस काढून ठेवलेत तुझ्यासाठी! लग्नात तुझ्या हातचं घालीन म्हणलं. येडी कुठली..." आणि ती शब्दावरच थांबली. मेथीकडं बघत राहिली. मग काडी बाजूला ठेवून म्हणाली, "मी शब्द दिलाय त्यायला. दोघीबी ठणठणीत म्हणून."

"मी कामावर जाते वहिनी. खाते, पिते. मला फक्त श्वास पुरत नाही कधी कधी."

"त्यायनी परत इचारलं तर मी काय सांगू?"

"तुम्हाला मी कशी दिसते ते सांगा."

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी तिनं डब्यात भाजी भरली आणि धाकट्याला म्हणाली, "जा, उदगीरच्या काकूला देऊन ये." माझ्याकडं न बघता.

लग्न अजून व्हायचंय. वहिनीनं माहेरी फोन केलेला नाही. करणारच नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिचा फोन वाजला आणि ती अंगणात जाऊन बोलली की मी हातातलं काम ठेवून कान देते. पण आता मी गुरुवारी निघते तेव्हा कुठं चालले ते घरात एका माणसाला तरी माहीत असतं. कधी कधी ती विचारते, "येताना कोथिंबीर आणशील का तुझ्या त्या दवाखान्याकडून?"

बाईंनी मला परत काही मागितलं नाही. दरवर्षी नवी मुलं येतात, कोऱ्या वह्या आणि गळ्यात ओळखपत्रं घेऊन, आणि बाई त्यांना पहिल्यापासून सांगायला लागतात. आवाज दमलेला असतो. यंदाच्यांना सांगताना मी बाकावरून ऐकलं. मनात म्हणते, बाई, धाकटी सासरी नीट नांदू द्या, मला अजून थोडं निभावू द्या. मग एक दिवस मी त्या खोलीत येईन, खुर्ची घेईन, आणि जे सांगायचं ते माझ्या तोंडानं त्या पोरांना सांगेन. त्या दिवशी तुम्ही नुसतं बसून ऐका.